आख्यात (मराठी व्याकरण)

आख्यात म्हणजे धातूला काळ, अर्थ, पुरुष, लिंग व वचन दाखविणारे प्रत्यय लागून तयार झालेले आणि वाक्य पूर्ण करणारे क्रियारूप. 'कर' हा धातू आहे. 'करतो', 'केला', 'करी', 'करील', 'करावा', 'करो' ही त्याची आख्यातरूपे आहेत. प्रत्ययांमुळे क्रियापदाच्या रूपात होणाऱ्या या बदलास आख्यातविकार असे म्हणतात. मराठी व्याकरणपरंपरेत आख्यातांची नावे त्यांतील प्रत्ययांवरून दिली जातात. उदाहरणार्थ, 'त' असलेले ते ताख्यात आणि 'ल' असलेले ते लाख्यात. ही नावे काळावरून दिलेली नाहीत. मराठीत एकच रूप अनेक काळांचे व अर्थांचे काम करते आणि एकच काळ अनेक रूपांनी व्यक्त होतो, हे त्याचे कारण होय.

मराठी आख्यातव्यवस्थेच्या सविस्तर विवेचनासाठी मोरो केशव दामले यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) हा ग्रंथ प्रमाणभूत मानला जातो. दामले हे रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथील कुटुंबातील होते.

संज्ञा

'आख्यात' ही संज्ञा संस्कृत व्याकरणातून आलेली आहे. यास्काच्या 'निरुक्त' या ग्रंथात शब्दांचे नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार वर्ग केलेले असून त्यांपैकी आख्यात हा क्रियेला प्राधान्य देणारा वर्ग आहे. पाणिनीने क्रियारूपांच्या गटांना लट्, लिट्, लृट्, लोट् अशी सांकेतिक नावे दिली. ही नावे काळवाचक नाहीत. कोणत्या गटाचा उपयोग कोणत्या अर्थी होतो हे पाणिनी स्वतंत्र सूत्रांनी सांगतो. मराठीतील ताख्यात, लाख्यात, वाख्यात ही नावे याच विचारसरणीला धरून आहेत.

मराठी व्याकरणात 'अर्थ' हा शब्द दोन प्रकारे वापरला जातो. सामान्यतः तो शब्दाचा आशय दाखवितो. क्रियापदाच्या प्रकरणात मात्र तो पारिभाषिक असून बोलणाऱ्याचा क्रियेविषयीचा हेतू दाखवितो. असे चार अर्थ मानले जातात : स्वार्थ (केवळ विधान किंवा प्रश्न), आज्ञार्थ (आज्ञा, विनंती, आशीर्वाद), विध्यर्थ (कर्तव्य, इच्छा, शक्यता, योग्यता) आणि संकेतार्थ (एक गोष्ट झाली असती तर दुसरी झाली असती असा संबंध).

आख्यात आणि धातुसाधित यांत फरक आहे. 'तो पळतो' यातील 'पळतो' हे आख्यात असून त्याने वाक्य पूर्ण होते. 'पळणारा', 'पळताना', 'पळून' ही धातुसाधिते किंवा कृदन्ते होत. त्यांत क्रियेचा बोध असला तरी त्यांनी वाक्य पूर्ण होत नाही.

व्याकरणलेखनाचा इतिहास

कोकण किनाऱ्यावरील भाषांच्या क्रियापदांचे पहिले छापील विवेचन लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत झाले. गोव्यात दीर्घकाळ राहिलेले इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक थॉमस स्टीफन्स यांनी पोर्तुगीज भाषेत लिहिलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राचोल येथे छापले गेले. त्या काळच्या युरोपीय विद्वानांना व्याकरण म्हणजे मुख्यतः लॅटिनचे व्याकरण परिचित होते. त्यामुळे वर्तमान, अपूर्णभूत, पूर्णभूत, भविष्य अशी घरे आधी आखून त्यांत स्थानिक भाषेची रूपे बसविणे हीच स्वाभाविक पद्धत ठरली.

विल्यम केरी यांचे मराठीचे इंग्रजी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथे प्रसिद्ध झाले. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढील अनेक पिढ्यांच्या शालेय व्याकरणाचा पाया ठरले. दादोबांना 'मराठी भाषेचे पाणिनी' असे म्हटले जाते. त्यांच्या मांडणीत संस्कृत परिभाषा आणि इंग्रजी व्याकरणाचा आराखडा या दोहोंचा मेळ घातलेला दिसतो. त्यानंतर कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्या निबंधांतून मराठी क्रियापद व प्रयोग यांची चिकित्सा झाली. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीतील भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करून जुन्या रूपांच्या अभ्यासाला चालना दिली.

या सर्व लेखनामागे एक समान अडचण होती. बाहेरून आलेली चौकट स्वीकारली की तिच्यातील प्रत्येक घरासाठी मराठीत रूप शोधावे लागते, आणि मराठीत असलेल्या परंतु चौकटीत नसलेल्या रूपांना जागा उरत नाही. उदाहरणार्थ, 'त्याने यावे' हे रूप इंग्रजी किंवा लॅटिनच्या कोणत्याही एका काळात बसत नाही. तसेच 'तो येई' हे रूप केवळ 'भूतकाळ' म्हणून सांगता येत नाही.

मोरो केशव दामले

मोरो केशव दामले (१८६८–१९१३) हे आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक मानले जाणारे कवी केशवसुत, म्हणजेच कृष्णाजी केशव दामले, यांचे धाकटे बंधू होत. मालगुंड हे गाव रत्नागिरी शहराच्या उत्तरेस, गणपतीपुळ्याजवळ असून तेथे केशवसुतांचे स्मारक आहे. मोरो केशव दामले यांनी उज्जैन येथील माधव कॉलेजात अध्यापन केले. 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाले.

दामले यांच्या ग्रंथाचे वैशिष्ट्य म्हणजे पूर्वीच्या वैयाकरणांची मते मांडून, त्यांची चिकित्सा करून मग निर्णय देण्याची पद्धत. क्रियापदाचे रूप, त्याचा काळ, त्याचा अर्थ आणि वाक्यातील प्रयोग या बाबी परस्परांत न मिसळता त्यांनी वेगळ्या तपासल्या. या ग्रंथाची कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी संपादित केलेली आवृत्ती १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. अर्जुनवाडकर यांनी पुढे 'मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद' या पुस्तकात याच परंपरेतील वादग्रस्त प्रश्नांची फेरतपासणी केली.

आख्यातांचे प्रकार

सामान्यतः पुढील आठ आख्याते मानली जातात. उदाहरणांसाठी मुख्यतः 'उठणे' हा अकर्मक धातू घेतला आहे.

१. प्रथम ताख्यात
रूपे : मी उठतो (स्त्री. उठते), आम्ही उठतो, तू उठतोस (स्त्री. उठतेस), तुम्ही उठता, तो उठतो, ती उठते, ते (नपुं.) उठते, अनेकवचनी तृतीय पुरुषात तिन्ही लिंगी उठतात.
याचा मुख्य उपयोग वर्तमानकाळासाठी होतो. परंतु 'सूर्य पूर्वेस उगवतो' यात त्रिकालाबाधित सत्य, 'मी उद्या पुण्याला जातो' यात नजीकचा भविष्यकाळ आणि 'शिवाजी महाराज आग्र्याहून निसटतात' यात भूतकाळ आहे.

२. द्वितीय ताख्यात
रूपे : तू उठतास (स्त्री. उठतीस), तो उठता, ती उठती, ते (नपुं.) उठते, अनेकवचनी ते उठते, त्या उठत्या, ती उठती.
याचा उपयोग संकेतार्थासाठी होतो : 'पाऊस वेळेवर पडता तर पीक हाती लागते.' 'उठतो' आणि 'उठता' यांतील फरक एका स्वराचा असला तरी पहिल्या रूपात घडणारी गोष्ट आहे आणि दुसऱ्यात न घडलेली. प्रथम पुरुषात दोन्ही ताख्यातांची रूपे सारखीच दिसतात. तेथे अर्थ संदर्भावरून ठरतो.

३. लाख्यात
रूपे : मी उठलो (स्त्री. उठले), आम्ही उठलो, तू उठलास (स्त्री. उठलीस), तुम्ही उठलात, तो उठला, ती उठली, ते उठले, अनेकवचनी ते उठले, त्या उठल्या, ती उठली.
मुख्य उपयोग भूतकाळाचा. तथापि हाक आल्यावर 'आलो, आलो!' असे म्हणणारा मनुष्य अद्याप आलेला नसतो. तेथे लाख्यात तत्काळ भविष्य दाखविते. 'तो आला तर सांगेन' यात अट आहे. अनेक धातूंची लाख्यातरूपे अनियमित आहेत : जा–गेला, कर–केला, ये–आला, हो–झाला, मर–मेला, खा–खाल्ला, घे–घेतला, सांग–सांगितला.

४. ई-आख्यात
रूपे : मी उठे, आम्ही उठू, तू उठेस, तुम्ही उठा, तो उठे, ते उठत. सकर्मक धातूंत सामान्यतः ईकार दिसतो : मी करी, तू करीस, तो करी, ते करीत.
याचा उपयोग रीतिभूतकाळासाठी, म्हणजे भूतकाळात नेहमी घडणाऱ्या क्रियेसाठी होतो : 'आजोबा पहाटे उठत आणि विहिरीवर स्नान करीत.' आज हे आख्यात मुख्यतः लिखित भाषेत आढळते. बोलण्यात त्याचे स्थान चाख्याताने घेतले आहे.

५. ऊ-आख्यात
रूपे : मी उठू, आम्ही उठू, तू ऊठ, तुम्ही उठा, तो उठो, ते उठोत.
याचा उपयोग आज्ञार्थासाठी होतो. पुरुषानुसार त्याची छटा बदलते : 'मी येऊ?' यात अनुज्ञा, 'आपण जाऊ' यात प्रस्ताव, 'ये' यात आज्ञा आणि 'देव तुझे भले करो' यात आशीर्वाद आहे.

६. ई-लाख्यात
रूपे : मी उठेन, आम्ही उठू, तू उठशील, तुम्ही उठाल, तो उठेल, ते उठतील, सकर्मक धातूंत मी करीन, तो करील.
मुख्य उपयोग भविष्यकाळाचा. परंतु 'तो आता घरी असेल' यात वर्तमानाविषयीचे अनुमान आणि 'गाडी सुटली असेल' यात भूतकाळाविषयीचे अनुमान आहे. 'करील' या रूपाऐवजी 'करेल' हे रूप आज बोलण्यात सर्रास आढळते. म्हणजे 'उठेल' आणि 'करील' हा दोन गटांतील जुना भेद लोप पावण्याच्या मार्गावर आहे.

७. वाख्यात
रूपे : तो उठावा, त्याने उठावे, त्याने ग्रंथ वाचावा, त्याने पोथी वाचावी.
याचा उपयोग विध्यर्थासाठी होतो. 'मुलांनी खरे बोलावे' (कर्तव्य), 'आता पाऊस थांबावा' (इच्छा), 'तो एव्हाना पोहोचला असावा' (तर्क), 'गावे तर त्यांनीच' (योग्यता) आणि 'मी दारात पाऊल टाकावे आणि दिवे जावेत!' (अनपेक्षित योगायोग) अशा निरनिराळ्या छटा एकाच रूपातून व्यक्त होतात.

८. चाख्यात
रूपे : मी उठायचो (स्त्री. उठायचे), तू उठायचास, तो उठायचा, ती उठायची, ते उठायचे.
'तो रोज नदीवर पोहायचा' यात भूतकालीन सवय, 'मला अजून जेवायचे आहे' यात पुढे करण्याची क्रिया आणि 'सांभाळ, पडायचास!' यात भीती किंवा संभव दिसतो.

संयुक्त रूपे

मराठीत साध्या आख्यातांखेरीज 'असणे' या साहाय्यक क्रियापदाच्या जोडीने संयुक्त रूपे होतात. 'करत आहे', 'करत होता', 'करत असेल' ही अपूर्ण क्रियेची रूपे. 'केले आहे', 'केले होते', 'केले असेल' ही पूर्ण क्रियेची रूपे. 'करत असतो', 'करत असे' ही रीतिरूपे. शालेय व्याकरणात वर्तमान, भूत व भविष्य या प्रत्येक काळाचे साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीति असे चार उपप्रकार शिकविले जातात. ही विभागणी शिकण्यास सोपी असली तरी तिच्यात वाख्यात, द्वितीय ताख्यात आणि ऊ-आख्यात यांना जागा नाही. त्यांचा विचार 'अर्थ' या स्वतंत्र प्रकरणात करावा लागतो.

आख्यात आणि प्रयोग

मराठी क्रियापद कोणत्या पदानुसार बदलेल हे आख्यातावर अवलंबून असते. ताख्यात, ई-आख्यात, ऊ-आख्यात आणि ई-लाख्यात यांत क्रियापद कर्त्यानुसार बदलते. हा कर्तरी प्रयोग होय. सकर्मक धातूंच्या लाख्यातात आणि वाख्यातात मात्र बहुधा कर्मणी किंवा भावे प्रयोग होतो :

रमा ग्रंथ वाचते. (कर्तरी, क्रियापद 'रमा' या पदानुसार)
रमेने ग्रंथ वाचला. रमेने पोथी वाचली. (कर्मणी, क्रियापद कर्मानुसार)
रमेने मुलांना बोलावले. (भावे, क्रियापद कोणाच्याच अनुसार नाही)

'तू पोथी वाचलीस' या वाक्यात 'वाचली' हे रूप कर्माचे लिंग-वचन दाखविते आणि शेवटचा 'स' कर्त्याचा द्वितीय पुरुष दाखवितो. अशा मिश्र रचनेला कर्तृ-कर्मसंकर म्हणतात. शिकणे, विसरणे, पिणे यांसारखे काही धातू सकर्मक असूनही लाख्यातात कर्तरी राहतात : 'मी कविता विसरलो', 'तो पाणी प्याला'.

नकारार्थी रूपे

मराठीत प्रत्येक आख्यातापुढे 'नाही' जोडून नकार करता येत नाही. 'तो उठला' याचा नकार 'तो उठला नाही' असा होतो, परंतु 'तो उठेल' याचा नकार 'तो उठणार नाही' असा धातुसाधिताच्या आधाराने करावा लागतो. 'ऊठ' याचा नकार 'उठू नको', 'उठावे' याचा 'उठू नये', तर 'उठत असे' याचा 'उठत नसे' असा होतो. ई-आख्याताला 'ना' जोडून झालेली 'उठेना', 'बोलेना', 'दार उघडेना' ही रूपे केवळ नकार न दाखविता प्रयत्न करूनही क्रिया घडत नसल्याचा भाव दाखवितात.

व्युत्पत्ती

आख्यातांचे आजचे अर्थ आणि त्यांचे मूळ अर्थ यांत पुष्कळ अंतर पडले आहे.

ई-आख्यात हे संस्कृत वर्तमानकाळाचे थेट वंशज आहे (करोति, प्राकृत करइ, मराठी करी). शके १२१२ (इ.स. १२९०) मधील ज्ञानेश्वरीच्या भाषेत ते वर्तमानकाळाचेच काम करते. पुढे 'करितो' हे नवे रूप वर्तमानकाळासाठी रूढ झाल्यावर जुने रूप सवयीच्या भूतकाळापुरते उरले. त्यालाच 'ल' जोडून भविष्यकाळाचे ई-लाख्यात झाले. म्हणजे आजचा रीतिभूतकाळ आणि आजचा भविष्यकाळ ही दोन्ही एकाच जुन्या वर्तमानकाळाची अपत्ये आहेत.

ताख्याताचे मूळ संस्कृतातील वर्तमानकालवाचक कृदन्तात (शतृ-प्रत्ययान्त रूपात) आहे. म्हणून त्यात लिंगभेद दिसतो. लाख्यात हे भूतकालवाचक कर्मणी कृदन्ताला (कृत, गत) प्राकृतातील ल-युक्त प्रत्यय जोडून सिद्ध झाले. वाख्यात संस्कृत 'तव्य' प्रत्ययापासून आले. चाख्यात हे 'करावयाचा' या षष्ठ्यन्त रचनेचा संक्षेप आहे.

लॅटिन क्रियापदाशी तुलना

लॅटिन क्रियापदे त्यांच्या अन्त्य स्वरावरून परंपरेने चार गणांत विभागली जातात. प्रत्येक क्रियापद सहा काळ, तीन अर्थ (स्वार्थ, संभावनार्थ, आज्ञार्थ) आणि दोन प्रयोग यांनुसार चालते. 'आमो' (मी प्रेम करतो), 'आमाबाम' (मी प्रेम करीत असे), 'आमाबो' (मी प्रेम करीन), 'आमावी' (मी प्रेम केले) या रूपांत पुरुष व वचन आहे, परंतु लिंग नाही. मराठी 'करतो' व 'करते' यांत मात्र कर्त्याचे लिंग कळते.

लॅटिनमध्ये लिंगभेद दिसतो तो कृदन्तापासून झालेल्या रूपांत. 'लिबेर स्क्रिप्तुस एस्त' म्हणजे 'ग्रंथ लिहिला गेला आहे' आणि 'एपिस्तुला स्क्रिप्ता एस्त' म्हणजे 'चिठ्ठी लिहिली गेली आहे'. येथे लॅटिन 'स्क्रिप्तुस–स्क्रिप्ता' आणि मराठी 'लिहिला–लिहिली' यांची वागणूक सारखी आहे, कारण दोन्ही रूपे मुळात कर्मणी कृदन्ते आहेत. लॅटिनचा हा 'त' प्रत्यय आणि संस्कृत 'कृत', 'गत' यांतील 'त' हे एकाच मूळ इंडो-युरोपीय प्रत्ययाचे वारस होत.

वाख्यातालाही लॅटिनमध्ये जवळचा प्रतिरूप आहे. 'लिबेर मिही लेगेन्दुस एस्त' याचा शब्दशः अर्थ 'ग्रंथ मला वाचायचा आहे' असा होतो. कर्तव्य पार पाडणारी व्यक्ती चतुर्थीत आणि कृदन्त कर्माच्या लिंगानुसार, ही रचना मराठी वाचकाला परकी वाटत नाही. 'मिही लिबेर एस्त' म्हणजे 'माझ्याकडे पुस्तक आहे' हीदेखील त्याच जातीची रचना होय.

म्हणून लॅटिनची चौकट मराठीला जशीच्या तशी लावणे अडचणीचे ठरले असले, तरी दोन्ही भाषांची रूपे समोरासमोर ठेवणे उद्बोधक ठरते. अडचण तुलनेत नसून एका भाषेतील काळांची नावे दुसऱ्या भाषेतील रूपांना चिकटविण्यात आहे.

वेल्श क्रियापदाशी तुलना

वेल्श ही वेल्समध्ये बोलली जाणारी केल्टिक शाखेची इंडो-युरोपीय भाषा आहे. तिच्यात सामान्यतः क्रियापद वाक्याच्या आरंभी येते, तर मराठीत शेवटी. वेल्शमध्ये 'असणे' या अर्थाचे 'बोड' हे क्रियापद आणि क्रियावाचक नाम यांच्या जोडीने बहुतेक रोजची रूपे तयार होतात. 'माय शान अन् ग्वेल्ड' (शान पाहत आहे) या वाक्यात 'माय' हे 'आहे' या अर्थाचे रूप असून 'ग्वेल्ड' हे 'पाहणे' असे क्रियावाचक नाम आहे.

मराठी ई-आख्याताच्या इतिहासाशी जुळणारी घटना वेल्शमध्येही घडलेली आहे. 'ग्वेलाव' हे प्रत्यययुक्त रूप साहित्यिक भाषेत 'मी पाहतो' आणि 'मी पाहीन' असे दोन्ही अर्थ देऊ शकते. बोलभाषेत 'बोड'सह होणाऱ्या संयुक्त रूपाने वर्तमानकाळाची जागा घेतल्यामुळे हे जुने रूप प्रामुख्याने भविष्यकाळासाठी उरले आहे. एकमेकींशी संपर्क नसलेल्या दोन भाषांत नव्या रचनेने वर्तमानकाळ व्यापला आणि जुने वर्तमानरूप दुसऱ्या काळाकडे सरकले.

आणखी दोन साम्ये लक्षणीय आहेत. इंग्रजीप्रमाणे 'जवळ बाळगणे' दाखविणारे स्वतंत्र सामान्य क्रियापद न वापरता वेल्श आणि मराठी या दोन्ही भाषा 'माझ्याकडे आहे' अशी रचना करतात. तसेच होकार देताना वेल्शमध्ये प्रश्नातील क्रियापदाला अनुरूप असे क्रियारूप उत्तरात वापरण्याची रीत आहे. मराठीत 'हो' हा शब्द असला तरी 'जेवलास का?' याचे सहज उत्तर 'जेवलो' असेच येते.

शब्दकोशात क्रियापद कोणत्या रूपाखाली शोधावे हेही भाषेनुसार बदलते. लॅटिन कोशात प्रथम पुरुषी एकवचनी वर्तमानरूप, वेल्श कोशात सामान्यतः क्रियावाचक नाम, तर मोल्सवर्थच्या कोशापासून मराठीत 'णे'-अन्त रूप शीर्षशब्द म्हणून दिले जाते.

कोकणातील बोलींत

आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता. या संपूर्ण पट्ट्यात संगमेश्वरी, बाणकोटी, चित्पावनी, मालवणी अशा बोली आढळतात आणि त्यांची क्रियारूपे प्रमाण मराठीहून काही बाबतींत वेगळी आहेत. मालवणीत 'तो आला' याऐवजी 'तो इलो' असे ओकारान्त रूप येते. भविष्यकाळासाठी मालवणी व कोंकणीत 'येतलो' असे रूप आहे : प्रमाण मराठीने जुन्या वर्तमानरूपाला 'ल' जोडून 'येईल' केले, तर दक्षिण कोकणाने 'त'-युक्त रूपाला 'ल' जोडून 'येतलो' केले. 'आहे' या अर्थी कोंकणीत 'आसा', तर चित्पावनीत 'से' हे रूप आढळते.

या रूपांना प्रमाण भाषेची 'बिघडलेली' रूपे मानणे व्याकरणदृष्ट्या बरोबर नाही. 'येईल' आणि 'येतलो' ही एकाच प्रत्ययसामग्रीतून स्वतंत्रपणे घडलेली दोन उत्तरे आहेत.

अध्यापनातील स्थान

शालेय अभ्यासक्रमात काळ व अर्थ शिकविण्यावर भर असतो. आख्यातांची नावे मुख्यतः स्पर्धा परीक्षांच्या आणि पदवी स्तरावरील मराठी व्याकरणाच्या अभ्यासात येतात. ती पाठ करण्याची यादी म्हणून शिकविली गेल्यास क्लिष्ट वाटतात. रूप आधी ओळखावे, मग वाक्यातील त्याचा काळ व अर्थ ठरवावा, हा क्रम पाळल्यास मात्र गोंधळ टळतो. 'मी उद्या जातो' या वाक्यातील क्रियापदाचे रूप प्रथम ताख्यात, काळ भविष्य आणि अर्थ स्वार्थ आहे. 'आलोच' यातील रूप लाख्यात, काळ तत्काळ भविष्य आणि अर्थ स्वार्थ आहे. केवळ प्रत्यय पाहून काळ सांगणारा विद्यार्थी या दोन्ही ठिकाणी चुकतो.

मराठी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठीही हा भेद महत्त्वाचा आहे. त्यांच्या मातृभाषेतील काळांची नावे मराठी रूपांना एकास एक जुळत नाहीत. प्रत्येक रूप कोणकोणत्या प्रसंगी वापरले जाते हे उदाहरणांतून शिकावे लागते.

हेही पहा

मराठी व्याकरण
प्रयोग (व्याकरण)
धातुसाधित
दादोबा पांडुरंग तर्खडकर
मोरो केशव दामले
मालगुंड
लॅटिन भाषा
वेल्श भाषा